अण्णांना पाडलं तेव्हा

काथ्याच्या ओल्या चटईचा वास आला, की चाळीस वर्षांपूर्वीचा रत्नागिरीतला आमचा ज्युदोचा वर्ग आठवतो. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, मला तिथून केसांना धरून ओढत घरी आणलं होतं.

"पोरगी होऊन बापयांशी झोंबतेस?" म्हणत अंगणातच ते मला मारत सुटले. ओठ फुटला, तोंडात रक्त आलं. पुन्हा हात उगारला, तशी मी त्यांची बाही धरून त्यांना चिऱ्यांवर उलथं पाडलं. पण पाडलेल्याचं डोकं आपण सांभाळायचं, हे सरांनी अंगात भिनवलेलं. बाही मी सोडली नाही.

"सोडलं का नाहीस गो?" अण्णांनी पडल्यापडल्याच विचारलं.

"डोकं फुटलं असतं तुमचं."

त्यानंतर त्यांनी मला कधीच मारलं नाही. तेव्हा वाटलं, घाबरले. आता वाटतं, त्या उत्तरानेच ते खचले.