समोरून रंगवलेलं सैन्य

मला बोटभर उंचीचे प्लास्टिकचे सैनिक रंगवायचा नाद आहे. वय विचारू नका. नांदेडात मी कॉलेजात शिकवतो, पोरं मला बऱ्यापैकी घाबरतात, आणि घरी आलो की डोळ्याला भिंग लावून एखाद्या शिपायाच्या पट्ट्याचं बक्कल पिवळं करत बसतो. हे सैनिक टेबलावर मांडून, फासे टाकून, टेपनं अंतर मोजून लढाई खेळायची असते. असते असं मी ऐकून होतो, कारण माझी लढाई कधी झालीच नव्हती.

दुसरा खेळाडू लातूरला. कॉलेजपासूनचा दोस्त, बँकेत नोकरीला. अख्ख्या मराठवाड्यात हा खेळ खेळणारे आम्ही दोघंच असू, निदान कबूल करणारे तरी. राखाडी सैनिकांचे डबे आम्ही एकदमच मागवले आणि त्याच दिवशी मी फोनवर ऐटीत नियम घातला की रंग न दिलेला शिपाई टेबलावर उतरणार नाही. तो म्हणाला, "हाव, ठीक हाय." पंधरवड्यात पठ्ठ्यानं सगळं सैन्य रंगवून फोटो पाठवला. एक रंग अंगरख्याला, एक चेहऱ्याला, वरून पातळ काळपट हात, झालं काम! फोटो बघून मी नाक मुरडलं. डोळ्यांना बुबुळंच नव्हती.

माझ्या शिपायांना होती. म्हणून तर दोन वर्षांत जेमतेम चार-पाच तयार झाले. एकाचा डावा डोळा जरा तिरळा आला, तर मी त्याचं अख्खं तोंड खरवडून काढलं. दोस्ताचा अधूनमधून फोन यायचा, "कधी यायलास?" मी म्हणायचो, "थोडंच राहिलंय रे." थोडं म्हणजे जवळजवळ सगळंच.

मग श्रावणात त्याचा फोन आला. बदली झाली, तीही थेट गुवाहाटीला. "महालक्ष्म्या झाल्या की येणाऱ्या रविवारी ये. सोमवारी सामानाचा ट्रक येतोय." आता नाही झाली तर ही लढाई कधीच होणार नव्हती.

त्यातच बायकोनं फर्मान काढलं. यंदा महालक्ष्म्यांपुढच्या आरासीत किल्ला करायचा आणि 'तुमचे ते बाहुले' त्यावर उभे करायचे.

"बाहुले नाहीत, सैन्य आहे," मी म्हणालो.

"मग सैन्याला कपडे घाला. हळदीकुंकवाला सगळी गल्ली येती. देवीपुढं राखाडी भुतं उभी करू का?"

लाइटिंगची वायर ओढायला मी आरासीच्या मागं शिरलो. पुढून जो दगडी किल्ला, तो मागून बिस्किटांची खोकी अन् चिकटपट्टी. मी म्हणालो, अगं, हे मागून किती वाईट दिसतंय! ती म्हणाली, "मागून कोण बघतंय?" आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

महालक्ष्म्या बसायच्या आत माझं सगळं सैन्य रंगून तयार. फक्त समोरून. ढाल, छाती, मिशा आणि बुबुळंसुद्धा, कारण ती काही माझ्याच्यानं सुटेनात. बायकांनी तोंडभरून कौतुक केलं. शेजारच्या काकूंनी तर सेनापतीच्या कपाळाला कुंकू लावलं, ते मी तसंच राहू दिलं. विसर्जनानंतर रविवारपर्यंत पाठी रंगवायला वेळ होता. तो सगळा मी सेनापतीच्या मिशीत घालवला. काय करणार, डावीकडचा आकडा जमत नव्हता.

रविवारी डबा मांडीवर घेऊन अहमदपूरमार्गे लातूर गाठलं. घरभर खोकी बांधलेली, फक्त जेवायचं टेबल आमच्यासाठी ठेवलेलं. मी म्हणालो, तू चहा टाक, मी मांडतो. तो कप घेऊन समोर बसला आणि बघतच राहिला. "आयला! दोन वर्षं उगाच न्हाई लावलीस!" माझी छाती फुगली. माझ्या बाजूनं मला मात्र पहिले चार-पाच सोडले तर नुसत्या राखाडी पाठी दिसत होत्या.

आणि लढाई सुरू झाल्यावर मला कळलं की मी काय करून बसलोय. आमच्या खेळात मार खाल्लेली तुकडी मागं घ्यायची तर तिचं तोंड फिरवावं लागतं, म्हणजे पाठ समोरच्याकडे. झाली का पंचाईत! मग मी माघार घेतलीच नाही. डावी फळी कापली गेली, पुढं घुसलो. तिरंदाज उरले तिघं, त्यांनाही पुढं ढकललं.

"अरे मागं घे की येड्या, सगळे मरतील!" तो कळवळून म्हणाला.

"आमच्यात माघार नसते," मी म्हणालो. मला घाम फुटला होता.

शेवटी टेपवरचं अंतर नीट बघायला म्हणून तो उठून माझ्या बाजूला आला. थांबला. एक शिपाई उचलून त्यानं पुढून बघितला, मागून बघितला. मी सुरुवात केली, "त्याचं काय झालं, महालक्ष्म्यांच्या वेळेला..." पण तो खोक्यावर बसून इतका हसत सुटला की मलाही हसू आवरेना.

डोळे पुसत तो म्हणाला, "नुसते राखाडी आणले असतेस तर काय झालं असतं रे?"

"नियम होता ना."

"नियम तुझा होता. मी दर रविवारी टेबल मोकळं करून बसायचो. मला खेळायचं होतं. बुबुळं कुणाला पायजे होती?"

मला फार वाईट वाटलं. तो आपल्या जागी जाऊन बसला आणि म्हणाला, "घे आता माघार. दिसू दे पाठी."

मी तिन्ही तिरंदाज वळवले. एवढ्यात वहिनी आतून आल्या. टेबलाचे पाय सोडवायला माणूस आलाय, म्हणाल्या, झालं का तुमचं?

"न्हाई," आम्ही दोघं एकदमच ओरडलो.