आत्याने घर विकलं तेव्हा

आमच्या आत्याला मूलबाळ नव्हतं. नवरा लवकर गेला आणि राजुऱ्यात तिने एकटीने पिठाची चक्की चालवली. आमची आई वारल्यावर मला आणि मोठ्या भावाला तिनेच वाढवलं. माझं लग्न अहेरीला झालं. भाऊ कोळसा खाणीत लागला आणि बायकोला घेऊन आत्याच्याच घरात राहिला. म्हातारपणी तो पाहील म्हणून आत्याने मृत्युपत्रात घर आणि चक्की त्याच्या नावे केली, आणि तसं त्याला सांगूनही टाकलं.

पुढे तिला लकवा मारला. डावी बाजू गेली. मी एसटीने पोचले तेव्हा ती चक्कीच्या मागे, कोंड्याची पोती ठेवायच्या खोलीत पडलेली होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. वहिनी म्हणाली, पुढच्या खोलीत पाहुणे येतात, वास येतो. भाऊ तर गावभर सांगत होता की म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही.

मी तिचं अंग पुसलं. ती जड जिभेने म्हणाली, "त्यानं मले जितेपणीच मारलं. वकिलाले बोलाव."

वकिलांनी सांगितलं, मृत्युपत्र हयातीत कधीही रद्द करता येतं. पण तेवढ्याने भागणार नाही, तुमची सेवा कोण करणार? मग त्यांनीच वाट काढली. आत्याच्या जखमा बांधायला येणारी नर्सबाई भाड्याने राहत होती. तिने चक्कीसकट घर विकत घ्यायचं, आत्याने मरेपर्यंत पुढच्या खोलीत राहायचं, तिचं सगळं नर्सबाईने करायचं, आणि हे खरेदीखतातच लिहायचं. पैसे आत्याच्या नावे बँकेत, व्याजातून औषधं. आत्याची बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला.

तिला हलवता येत नव्हतं, म्हणून खरेदीखत नोंदवायला निबंधक साहेब घरी येणार होते. भाऊ ड्युटीवर असताना उरकून घेऊ, असं मी म्हटलं. आत्याने ऐकलं नाही. त्याच्या सुटीचाच दिवस तिने धरायला लावला.

साहेबांनी नियमाप्रमाणे विचारलं, "बाई, तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"होता, साहेब," आत्या म्हणाली. "तो तिथी दारात उभा हाय."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. भावाचं तोंड पांढरं पडलं. आत्याने अंगठा उठवला. मला इतकं बरं वाटलं की मी तोंडावर पदर धरला.

घर सोडायची नोटीस मिळाल्यावर भाऊ गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने राहायला गेला. एकदा तो अहेरीला माझ्याकडे आला आणि आत्याला समजाव म्हणून रडला. मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, "कोंड्याची खोली रिकामी आहे. नर्सबाईंना विचारून पाहा."

आत्या त्यानंतर बरीच वर्षं जगली, रस्त्याकडच्या खिडकीशी, स्वच्छ चादरीवर. भाऊ खाणीची बस धरायला तिथूनच जायचा. तो दिसला की ती भर रस्त्यात ऐकू जाईल असं विचारायची, "जेवला का रे, बाप्पा?" शेजारचे दुकानदार हसायचे. शेवटी तो मागच्या गल्लीने जाऊ लागला.

आत्याला ते कळलं. तिने नर्सबाईला सांगून खाट गल्लीकडच्या मागच्या खिडकीला लावून घेतली.