नळीतला चोक

आबा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून निवृत्त होऊन मुलुंडच्या एका कारखान्यात बंदूकधारी पहारेकरी होते. एकदा सरकत्या गेटात त्यांच्या एकनळी बंदुकीचं तोंड चेपलं. बंदूक स्वतःची, परवाना स्वतःचा, आणि बंदुकीवाचून ड्यूटी नाही. ती घेऊन आम्ही दोघं शहरातल्या परवानाधारक बंदूकवाल्याकडे गेलो. आबांना कमी ऐकू यायचं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला, अर्ध्या हळकुंडाने पिवळी झालेली, म्हणून दुभाषाचं काम माझ्याकडे.

बंदूकवाल्याने नळी उजेडात धरली. "नयी नली मँगा लो, तीन महिना लगेगा. काटके चार दिन में दूँगा, मगर चोक जायेगा."

चोक मला चांगला ठाऊक होता. आमच्या चाळीत आठवड्याला एक मोरी चोक व्हायची.

"काय म्हणता तो?" आबांनी विचारलं.

"कापली तर चोक जाईल म्हणतात. चार दिवसांत देतील."

"मगे बराच झाला. काप म्हणान सांग."

सैन्यात त्यांनी रायफलच चालवलेली, त्यांनाही काही खटकलं नाही. मी निरोप सांगितला. बंदूकवाला "मर्जी आपकी" म्हणाला.

नळी चार बोटं आखूड झाली. परवान्यावर तशी नोंद झाली, दसऱ्याला आईने झेंडूही वाहिला. पुढे पहारेकऱ्यांचा वार्षिक नेमबाजीचा सराव आला. दरवर्षी आबांचे छर्रे फळीच्या मधोमध बसत. या वेळी ते फळीभर विखुरले, निम्मे तर बाहेरच गेले. आबा घरी येऊन म्हणाले, "डोळे गेले माझे." डॉक्टरने डोळे ठीक आहेत म्हटलं, पण ऐकतील तर शपथ. दिवाळीआधी स्वतःहून राजीनामा देऊन आले.

बंदूक विकायला पुन्हा त्याच दुकानात गेलो, तेव्हा मी बंदूकवाल्याला चोक म्हणजे काय ते विचारलं. नळी तोंडाशी किंचित अरुंद असते, त्याला चोक म्हणतात. त्यामुळे छर्रे एकत्र जातात; रायफलला तो नसतोच. तोच कापला गेला होता.

मी तिथेच आबांच्या कानाशी ओरडून सगळं सांगितलं. हळू सांगायची सोय नव्हती. चार गिऱ्हाइकं ऐकत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आबांनी नळीच्या कापलेल्या तोंडावरून बोट फिरवलं. "म्हंजे माझे डोळे बरे आसत," म्हणाले आणि चक्क हसले. कारखान्यात त्यांच्या जागी तोवर दुसरा माणूस लागला होता. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.