नावापुढची चांदणी

वडिलांना पोलीस घेऊन गेले तेव्हा ते दाढी करत होते. अर्धा गाल साबणाचा, अर्धा मोकळा. दापोडीतल्या आमच्या दोन खोल्यांसमोर जीप उभी राहिली आणि हवालदार म्हणाला, "चला, टॉवेल घ्या हवा तर." भोसरीच्या त्यांच्या कारखान्यात चार दिवसांपासून संप सुरू होता. संप आम्हाला नवा नव्हता. पण संपासाठी घरातून उचलून नेतात, हे आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

"पण ह्यांनी केलं काय?" आईनं विचारलं.

"नवा कायदा आलाय, बाई. सरकारनं अत्यावश्यक ठरवलेल्या कारखान्यात संप म्हणजे गुन्हा. दिल्लीनंच केलाय."

जीप गेल्यावर आई मटकन उंबऱ्यावर बसली. मग एकदम म्हणाली, "दिल्लीत आपला माणूस आहे की! तो कसा होऊ देईल असा कायदा?"

आपला माणूस म्हणजे एक खासदार. तो आमच्या भागाचा नव्हता, मराठवाड्यातून निवडून आलेला होता. पण चीनच्या लढाईनंतर इथे कारखाने उभे राहायला लागले, तेव्हा तो पत्र्याची पेटी घेऊन दापोडीत उतरला होता आणि नऊ वर्षं वडिलांच्या शेजारच्या लेथवर टर्नर होता. जेवायला आईच्या खाणावळीत. मी चौथीत होते, तेव्हा मला पाढे त्यानं शिकवले. युनियनचं पहिलं पत्रक त्यानं आमच्याच घरात बसून लिहिलं. नंतर गावाकडे गेला, पुढारी झाला, खासदार झाला. दोन्ही निवडणुकांना वडील रजा टाकून एसटीनं त्याच्या प्रचाराला गेले होते.

वडील अकराव्या दिवशी सुटले. कामावर परत घेतलं, पण साहेबासमोर उभं करून, पुन्हा असं करणार नाही म्हणून लिहून घेतलं.

मी तेव्हा पुण्यात बी.ए.ला होते. कॉलेजजवळच्या मोठ्या ग्रंथालयात संसदेच्या कामकाजाचे छापील खंड येतात, असं आमच्या राज्यशास्त्राच्या बाईंनी सांगितलं. कोणी कुठल्या बाजूनं मत दिलं, त्याच्या याद्याही त्यात असतात. मी गेले. ग्रंथपाल म्हणाले, तो खंड अजून छापून यायचाय, तोवर हे बघ. त्यांनी खासदारांच्या परिचयाचं जाडजूड पुस्तक पुढ्यात ठेवलं.

त्याचं पान सापडलं. जन्म, गाव, शिक्षण, पत्नी, मुलं. व्यवसाय: शेती. पुन्हा वाचलं. कारखाना नाही, लेथ नाही, दापोडी नाही. नऊ वर्षं जणू तो कुठे नव्हताच.

घरी सांगितलं तर वडील म्हणाले, "आगं, शेत हाय की त्याचं. खोटं कुठं लिव्हलंय?"

"आणि टर्नर?"

"ऱ्हायलं आसंल लिव्हायचं."

खंड यायला पाच-सहा महिने लागले. मी दर शनिवारी लोकलनं शिवाजीनगरला उतरून विचारत होते. एका शनिवारी ग्रंथपालांनी न विचारताच तो समोर आणून ठेवला. कायद्याच्या बाजूनं मत देणाऱ्यांची यादी मोठी होती. बोट ठेवून एकेक नाव वाचलं. त्यात तो नव्हता. विरोधातली यादी काढली. होता! त्याचं नाव चक्क विरोधात होतं. तिथंच ओरडावंसं वाटलं. तेवढ्यात त्या नावापुढे एक बारीक चांदणी दिसली. तशीच चांदणी पानाच्या तळाशी होती आणि तिच्यापुढे बारीक इंग्रजीत छापलं होतं, की या सदस्यानं चुकून विरोधात मत नोंदवलं, त्याचं मत बाजूनं धरावं.

पान फाडावं असं वाटलं. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि गाडीत बसून दापोडीपर्यंत तेच वाचत आले.

वडिलांनी वही हातात धरली, त्यांना इंग्रजी येत नव्हतं तरी. "चुकून?" ते म्हणाले. "त्याचा हात? दहा वर्साच्या जवळपास बघितलाय मी तो हात. लेथचा एक दांडा कधी चुकीचा वढला न्हाई त्यानं."

मी त्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. महिन्याभरानं एका रविवारी दुपारी तो स्वतः आला, गाडी हमरस्त्यावर ठेवून, गल्लीतून एकटा चालत. आईनं पाट मांडला, भाकरी वाढली. त्यानं पहिला घास मोडला आणि वडिलांनी विचारलं.

"बटन चुकलं व्हतं का रे तुझं?"

त्यानं घास खाली ठेवला. "न्हाई, दादा. घंटा वाजली, दारं लागली, बटन दाबा म्हनले. मला आपल्या कारखान्याचं गेट दिसलं. मी इरोधाचं लाल बटन दाबलं, जानूनबुजून दाबलं."

"मग?"

"समोरच्या फळ्यावर कोनाचं काय पडलं ते दिसतं. आमचा पक्ष कायद्याच्या बाजूचा. त्याचा मानूस माझ्या बाकापाशी आला. म्हनला, चूक झाली का तुमची? एवढंच इचारलं त्यानं. मी व्हय म्हनलो. चिठ्ठी लिहून दिली."

त्यानं कायद्याच्या बाजूनं मत दिलं असतं तर आम्ही चार शिव्या देऊन मोकळे झालो असतो. पण खरं मत दिलं आणि तीच चूक म्हणून सही करून दिली, त्याला शिवी कुठली द्यायची?

वडील म्हणाले, "मी बी दिलाय लिहून. साहेबाला. जेव तू."

तो जेवला. जाताना माझ्याकडे न बघता म्हणाला, "बरं केलंस पत्र लिहिलंस."

पुढच्या निवडणुकीला वडील जातील असं आम्हाला वाटलं नव्हतं. पण त्यांनी रजा टाकली आणि गेले. नेहमी आठवडाभर राहायचे, या वेळी तिसऱ्या दिवशी परत आले. पिशवी न ठेवताच सांगायला लागले. तालुक्याच्या बाजारात सभा होती. वडील मागे उभे राहिले आणि भर सभेत हात वर करून विचारलं, "संपाच्या कायद्याला तुमी मत कुठलं दिलं?" त्यानं वडिलांना ओळखलं. माईकवरून सांगितलं, "आधी इरोधात दिलं. मग भिलो आन् बदललं. ह्या दादांना अकरा दिवस आत बसावं लागलं, त्यात माझा बी हात हाय."

"मग लोक काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"टाळ्या वाजवल्या," वडील म्हणाले. "कसला कायदा, कुनाला ठावं न्हाई. तितं कारखानाच न्हाई एक. गडी खरं बोलला म्हनून टाळ्या. मागनं एक जन वरडला, प्यायच्या पान्याचं बोला! झालं. सभा पान्यावर गेली."

पुढे तो निवडून आला, पहिल्यापेक्षा जास्त मतांनी. कायदा होता तसाच राहिला.

"आणि तुम्ही?" त्या दिवशी सभेचं ऐकून झाल्यावर आई म्हणाली. "तुम्ही काय केलंत?"

वडील पिशवीच्या बंदाशी चाळा करत राहिले. "मी बी वाजवली," ते म्हणाले. "सगळ्यांनी वाजवली तवा माझी बी वाजली. कशापायी, ते मलाच कळंना बग."