मुठीकडचे दोन दात

जामसंड्याच्या धोंडू मेस्तांकडे जुनी करवत नेली की ते आधी पात्यावर कोकमाचं आगळ, तो आंबट रस, चोळायचे. गंज सुटला की बनवणाऱ्याचा छाप उघडा पडायचा. छापच गेला असेल तर पातं नखाने वाजवून, वाकवून, मुठीचे पितळी स्क्रू बघून सांगायचे: ही इंग्रजी, ही जर्मन, आणि ही, रागावू नका, कुणाच्या तरी परसात बनलेली. "करवतीक बापूस दोन," ते म्हणत. "एक घडवणारो, दुसरो धार काढणारो." दुसराही ते ओळखायचे, कारण प्रत्येक मेस्ताची, म्हणजे सुताराची, दात घासायची रीत वेगळी. त्यांच्या घराण्यात मुठीकडचे दोन दात मुद्दाम बिनघासलेले ठेवत.

मी तिथल्या शाळेत सुतारकाम शिकवायचो. वासरांत लंगडी गाय शहाणी, दुसरं काय!

मेस्तांचा एकुलता एक मुलगा सत्यवान सत्तावन्न साली कौलांच्या गलबतावर सुतार म्हणून गेला. गलबत परत आलं नाही, बुडाल्याची खबरही नाही. त्याची बायको नर्मदा दर खंडेनवमीला सासऱ्यांच्या हत्यारांशेजारी एक रिकामा पाट मांडायची. पाटाला कुंकू लावायची आणि त्याच बोटाने आपल्या कपाळाला. तिला काही बोलायची कुणाची छाती झाली नाही.

बासष्टच्या पावसाळ्यात मी खारेपाटणच्या बाजारातून एक करवत आणली आणि मोठ्या ऐटीत मेस्तांपुढे ठेवली. आगळ चोळल्यावर मुकुटाचा छाप वर आला.

"इंग्रजी," ते म्हणाले. "पोलाद बरा आसा."

"आणि दुसरा बाप?"

त्यांनी मुठीकडचे दात अंगठ्याने चाचपले. "मी."

मला वाटलं, चेष्टा करतायत. मी हसलोसुद्धा. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

"ही सत्यवानाची. जाताना मीच धार काढून दिलेली. खंय गावली?"

"खाडीच्या गाळात पेटी सापडली, तिच्यात होती म्हणे."

"मेस्त जिवंत आसापर्यंत करवत सोडणा नाय," ते म्हणाले. मग कानस घेऊन दात घासू लागले, मुठीकडचे दोन सोडून. डोळ्यांत पाणी नाही, काही नाही.

"घरी ठेवा," मी म्हटलं.

"नको. नर्मदाच्या नजरेक पडतली. तुमी शाळेत न्हेवा."

मी नेली. पोरांनी तिने फळ्या कापल्या.

खंडेनवमीच्या सकाळी मेस्त शाळेच्या दारात उभे. "मास्तरानू, ती करवत माका देवा. त्या पोरीन आणि किती वर्सां वाट बघूची?"

मी त्यांच्यामागून गेलो. त्यांनी करवत रिकाम्या पाटावर ठेवली आणि बाजूला झाले. नर्मदा कुंकवाची वाटी घेऊन वाकली. मुठीकडचे दोन दात तिने चाचपले, परत एकदा चाचपले. तिने पात्याला कुंकू लावलं आणि बोटाला उरलेलं पदराला पुसलं.