जवाचं गोड पाणी

माझे वडील दारूच्या थेंबालाही शिवले नव्हते. त्यांचे वडील दारूतच गेले. शेवटी गटाराच्या कडेला सापडले आणि तेरा वर्षांच्या माझ्या वडिलांनी त्यांना ओळखून घरी आणलं. पुढे विहारात रविवारी वंदना वडीलच घ्यायचे. पाचवं शील, म्हणजे नशा न करण्याचं, म्हणताना त्यांचा आवाज चढायचा. मी बावीस वर्षांचा असताना मित्राच्या लग्नातून पिऊन आलो, तेव्हा त्यांनी मला विहाराच्या अंगणात, सगळ्यांसमोर थोबाडीत मारली होती. ती मी विसरलो नव्हतो.

सेहेचाळिसाव्या वर्षी मी घरी बिअर करायला लागलो. नागपुरात हा उद्योग हिवाळ्यातच जमतो, उन्हाळ्यात सगळं नासतं. अर्धी साखर धान्यातून काढायची, अर्धी डब्यातल्या माल्टच्या पाकातून घ्यायची, अशी माझी पद्धत. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे, कापडी पिशवीत बांधायचे आणि तासभर गरम पाण्यात ठेवायचे. पाणी उकळू द्यायचं नाही, थंडही होऊ द्यायचं नाही. तासाभराने ते पाणी मधासारखं गोड होतं. मग पिशवी काढून डब्यातला पाक घालायचा, हॉप्स नावाची कडू सुकी फुलं टाकून उकळायचं, निववायचं आणि शेवटी यीस्ट. दारू होते ती यीस्ट पडल्यावर. त्याआधी ते नुसतं गोड पाणी असतं.

वडिलांचं पोटाचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी वजन वाढवायला सांगितलं होतं, पण त्यांना घास जात नव्हता. एका सकाळी ते वासावर स्वयंपाकघरात आले.

"कायचा वास येऊन राहिला गा? गहू भाजल्यासारखा."

"सिरका करून राहिलो, बाबा, लोणच्यात घालाले," मी म्हणालो. "हे जवाचं पाणी आहे. घ्या, गोड आहे."

त्यांनी पेला रिकामा केला आणि पुन्हा पुढे धरला. त्या दिवसापासून पाक आणि हॉप्स घालायच्या आधीच मी त्यांच्यासाठी थोडं पाणी वेगळं काढून, उकळून फ्रीजमध्ये ठेवू लागलो. रोज सकाळी ते एक पेला प्यायचे. महिन्याभरात गालांवर थोडं मांस आलं. माझी बायको म्हणाली, "सिरका कशाला सांगितलं? कळलं तर?" मी हसलो.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी ऑफिसातले दोन मित्र आले होते. वडील विहारातून संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. आम्ही बाटल्या उघडल्या आणि दार वाजलं. कार्यक्रम लवकर संपला होता. पांढऱ्या सदऱ्यातले वडील बाटल्यांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी मित्राच्या हातातला ग्लास घेऊन बेसिनमध्ये ओतला.

"माह्या घरात? लाज नाही वाटत? आजोबासारखाच मरशील."

मित्र खाली बघू लागले. मला पुन्हा ते विहाराचं अंगण आठवलं.

"आणि तुम्ही महिन्याभरापासून काय पिऊन राहिले, बाबा?" मी म्हणालो. "हेच. याच पातेल्यातलं."

"ते तर जवाचं..."

"बिअर जवाचीच असते. रोज एक पेला. वंदनेले जायच्या आधी."

एक मित्र फसकन हसला. दुसरा म्हणाला, "वा बाबा!" मीही हसलो. ते खोटं आहे, हे तेव्हाच सांगता आलं असतं. पण त्यांचा चेहरा पडताना मला बरं वाटत होतं.

ते न्हाणीघरात गेले. घशात बोटं घालून ओकायचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू येत होता. बायको धावली. "बाबा, हे खोटं बोलून राहिले! त्याच्यात दारू नव्हती!" मित्र चपला घालून निघून गेले. मग मीही सांगितलं. यीस्ट दाखवलं, बाजूला काढलेली बाटली दाखवली, सगळं समजावलं.

त्यांनी तोंड पुसलं. "आधी तू सिरका म्हणला. मंग दारू म्हणला. आता पाणी म्हणून राहिला. यातलं खरं कोणतं धरू गा?"



पुढच्या रविवारी त्यांनी विहारात उभं राहून सांगितलं, की आपल्याकडून शील मोडलं, आता वंदना दुसऱ्या कोणी घ्यावी. माझं नाव काढलं नाही. घरी आल्यावर बायकोला म्हणाले, "बाई, मले ते आवडत होतं. सकाळ व्हायची वाट पाहत होतो मी. बापाले काहून सुटत नव्हती, ते आता समजलं." दारू कधी चाखलीच नव्हती त्या माणसाने. बायको रडायला लागली. मी गॅलरीत होतो. तिथे आंबायला ठेवलेली बिअर मी त्याच आठवड्यात बाटल्यांत भरली आणि पुढे प्यायलोही.

त्यांनी माझ्या हातचं काही घेणं बंद केलं. चहासुद्धा आधी सुनेला हुंगायला लावायचे. फेब्रुवारीत ते कुहीला बहिणीकडे राहायला गेले. मी भेटायला जायचो, ते धानाचं, पाण्याचं बोलायचे. मी पेला पुढे केला तर बाजूला ठेवायचे आणि बहिणीला हाक मारायचे, "बाई, पाणी देतेस का वं?" वजन पुन्हा उतरलं. एप्रिलमध्ये ते गेले.

विहारातल्या शोकसभेत त्यांचे एक जुने सोबती बोलायला उठले. म्हणाले, "आयुष्यात एकदा पाय घसरला, पण या माणसानं ते लपवलं नाही. चारचौघांत उभं राहून कबूल केलं." लोकांनी माना हलवल्या. बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या रांगेत हात जोडून बसलो होतो. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी उठलो, सगळ्यांचे आभार मानले आणि खाली बसलो.