पुढच्या गाडीले कोण इचारते

किसनदादा गेल्याचा निरोप आला, तवा मी बडनेऱ्यात बैल सोडून राहिलो होतो. "किसनानं जीव देला," सखाराम म्हणाला अन् तिथंच मातीत बसला. मी त्याच्यावरच खेकसलो, "लेका, जिभेले काई हाड हाये का नाई तुह्या!" त्याले आता महिना झाला…

कापसाले असा भाव आला होता का अमरावतीपासून अकोल्यापर्यंत रस्ताभर कापसाच्या बैलगाड्या अन् नुसता धुळीचा फुफाटा. मागची गाडी दिसत नसे. म्हणून रीत अशी, का पयल्या गाडीवरून हाक जाये, "हाये का रे?" एकेक गाडीवान "हाये" म्हणे. शेवटच्या गाडीवरून सखारामाचा "हाये" आला, का मंगच बैल पुढं. पयली गाडी बारा सालं किसनदादाची. एकदा मी तापानं पडलो, उत्तर देलं नाई, तं हा बाप्पा धावत मागं आला. "बोलत कावून नाई बे? माहा जीव गेला ना!" स्वतःच्या हातानं पाणी पाजलं मले.

शेवटच्या फेरीले मूर्तिजापूरच्या मुक्कामी त्यानं भाकरीचं फडकं सोडलंच नाई. माही गाडी त्याच्या मागंच. मी पाहिलं अन् म्हटलं, ऊन लागलं असन. इचाराले काय धाड भरली होती मले? भाव उतराच्या आत अकोला गाठाचं होतं ना आमाले!

त्या फेरीवरून घरी परतल्यावर चारच दिवसांत त्यानं जीव देला. मंग गावात ज्याच्या त्याच्या तोंडी येगयेगळं कारण. खरं कोणालेच ठाऊक नाई. बाया किसनदादाच्या दारावरून जाईनात. सखारामानं तीन दिवस अन्नाले हात लावला नाई. मी भेटाले गेलो, तं त्याची बायको, गिरजावयनी, एवढंच बोलल्या, "ते तुमाले साऱ्याईले इचारत, भाऊजी. त्याईले कोणी इचारलं का?"



काल गाड्या निघाल्या. पयली गाडी कोणी घेईना. शेवटी मीच घेतली, वयनीनं देलेले किसनदादाचेच बैल जुंपून. पयल्या वळणावर बैल आपसूक थांबले. किसनदादा इथंच हाक देये. मी हाक न देताच मागं फुफाट्यात पाहत राहिलो. तवा पार मागून, गाडीगाडीवरून हाक पुढं येत गेली, "पुढचा हाये का रे?"

बारा सालांत पयल्यांदा. एक महिना उशिरा…

"हाये," म्हटलं मी, अन् ढसाढसा रडलो. मंग कासरा हलवला, बैलाईले चुचकारलं. ते हलले नाईत. किसनदादाची "हाये का रे?" ऐकल्याबिगर ते निघत नसत.